झाडांतले चेहरे



वसंतातल्या व्याख्यानमालांत राज्यघटना, अर्थकारण, संतवाङ्मय असे भारदस्त विषय येतात. त्यांच्या पंक्तीला आमचा आजचा विषय थोडा पोरकट वाटण्याचा संभव आहे. टेकडीवर फिरताना एखाद्या बुंध्यात बोळक्या तोंडाची म्हातारी दिसते, मोडक्या फांदीत नाक उगारलेला राक्षस दिसतो, वडाच्या पारंब्यांत जटा सोडून बसलेला ऋषी दिसतो. या दिसण्याविषयी आम्ही बोलणार आहोत. बरोबरचे मूल “ते बघा, झाड आपल्याकडे बघतंय” असे म्हणते आणि आपण “चल, उशीर होतोय” म्हणून त्याचा हात ओढतो. मुलाने काही तरी पाहिलेले असते, आणि आपण ते नुसते ओलांडून जातो. त्या पाहण्यात पुष्कळ शास्त्र आहे, थोडा इतिहास आहे आणि आपल्या शहराच्या भवितव्याचाही एक प्रश्न आहे, असे आमचे म्हणणे आहे.

यासाठी दूरच्या अरण्यात जाण्याचे कारण नाही. पुण्यापुरते बोलायचे तर पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी आणि वेताळ टेकडी ही आपली घराजवळची राने. वेताळ टेकडी ही त्यांत सर्वांत उंच. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. माथ्यावर वेताळाचे देऊळ आहे, त्यावरून टेकडीला नाव पडले. भुतांचा राजा ज्या टेकडीचा धनी आहे तिथल्या झाडांत चेहरे दिसू नयेत, तरच नवल! हंगामही सध्याचाच उत्तम. सालई आणि मोई उन्हाळ्यात निष्पर्ण असतात. पावसाळ्यात पानांआड दडलेले बुंधे, खोडांवरच्या गाठी आणि वाकलेल्या फांद्या या दिवसांत उघड्या पडतात. त्यातही सकाळचे किंवा सायंकाळचे तिरपे ऊन हवे. भर दुपारी डोक्यावरचे ऊन सगळे सपाट करून टाकते. तिरप्या उन्हात प्रत्येक खोबणीत सावली भरते आणि सावली भरली की डोळा तयार होतो.

पण खोबणीचा डोळा होतो कुठे? झाडावर की आपल्या मनात? पहिला प्रश्न हा आहे.

अर्थशून्य आकारांत ओळखीचे रूप दिसणे याला शास्त्रज्ञ ‘पॅरायडोलिया’ म्हणतात. आपण मराठीत त्याला ‘रूपभास’ म्हणू. हा भास म्हणजे मनाचा दुबळेपणा, अडाण्यांचा भ्रम, असे एके काळी मानीत. आज तसे मानीत नाहीत. १९७५ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जन्मून काही मिनिटेच झालेल्या अर्भकांपुढून काही चित्रे फिरवली. एकावर डोळे, नाक, तोंड जागच्या जागी होते. दुसऱ्यावर तेच अवयव विस्कटून मांडलेले होते. ज्यांनी अजून आईचे तोंडही नीट पाहिले नव्हते, ती बाळे चेहऱ्याच्या चित्रामागे अधिक वळली. म्हणजे चेहरा शोधण्याची ओढ आपण जन्मतःच घेऊन येतो. पुढे १९९७ साली मेंदूच्या खालच्या भागातील एका छोट्या प्रदेशाचे काम वर्णिले गेले. इतर वस्तू पाहताना जो फारसा चाळवत नाही, तो चेहरा पाहताना चटकन जागा होतो. खोट्या चेहऱ्यांनाही तो फसतो, असे नंतर दिसून आले. आणि ही केवळ माणसाची मिरासदारी नाही. २०१७ साली ऱ्हीसस जातीच्या माकडांवर प्रयोग झाले. ज्या निर्जीव वस्तूंत माणसांना चेहरे भासतात, त्यांच्या चित्रांकडे ती माकडेही अधिक वेळ पाहत राहिली, आणि त्यांची नजर नेमकी त्या ‘डोळ्यांवर’ आणि ‘तोंडावर’ खिळली.

याचे कारण समजण्यासारखे आहे. रानात राहणाऱ्या आपल्या पूर्वजाने झुडपाला बिबळ्या समजून पळ काढला, तर त्याचे नुकसान चार पावले धावण्याचे. त्याने बिबळ्याला झुडूप समजले, तर नुकसान किती ते सांगायला तो मागे उरत नाही. शंभर वेळा उगाच दचकणारे जगले आणि त्यांची प्रजा म्हणजे आपण. टेकडीवरच्या झाडात चेहरा दिसतो तेव्हा डोळ्यांची चूक होत नसते. लाखो वर्षांचा राखणदार आपले काम चोख बजावीत असतो.

याच संशोधनातला एक निष्कर्ष येथे जमलेल्या भगिनींना रोचक वाटेल. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना असे भासमान चेहरे दाखवून, हा चेहरा स्त्रीचा की पुरुषाचा, असे विचारले. बहुतेक चेहरे पुरुषाचे ठरले! वस्तूला ना मिशी, ना कुंकू. तरी मन तिला आधी पुरुष करते. आपल्या झाडांवरची वस्ती आठवून पाहा. मुंजा, वेताळ, समंध, ब्रह्मराक्षस हे सारे पुरुष. स्त्रियांच्या वाट्याला हडळ आणि जखीण. मात्र पुरुषभुतांतला एखादा तरी भला निघतो, वाट दाखवतो, कोडी घालतो. हडळीला आपल्या कथांनी तेवढीही सवलत दिलेली नाही. झाडात आपण काय पाहतो यावरून आपल्या समाजाने कोणाला कसे पाहिले, हेही कळते ते असे.

आता झाडाकडे वळू. मन चेहरा पाहायला उत्सुक आहे हे खरे. पण झाडही त्याला भरपूर साहित्य पुरवते. खोडावरचा ‘डोळा’ म्हणजे बहुधा गळालेल्या किंवा तोडलेल्या फांदीची जागा असते. आपल्या अंगावरची जखम भरते, म्हणजे जुन्या जागी नवे मांस येते. झाडाचे तसे नाही. झाडाची जखम भरून येत नाही, ती झाकली जाते. अमेरिकेतील वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून हे दाखवून दिले आणि १९७७ साली त्याची मीमांसा मांडली. इजा झालेला भाग झाड आतून भिंती घातल्यासारखा वेगळा काढते आणि कडेने नवे लाकूड वाढवून तोंड बंद करू लागते. कडेने येणारी ही जाड गोल कड म्हणजे डोळ्याच्या पापण्या. मध्ये उरलेला काळा खळगा म्हणजे बुबुळ. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे साल दाबली जाऊन तिची एक वळी उठते आणि दोन्ही बाजूंना खाली उतरते. फांदी गेली तरी ती वळी राहते. तीच भुवई! म्हणून झाडाच्या डोळ्यावर इतकी नेमकी भुवई असते. ज्या डोळ्याने झाड आपल्याकडे पाहते, तो त्याने सोसलेला घाव असतो. हे एकदा समजले की त्या नजरेतला भाव बदलतो.

‘तोंडा’ची कथा याहून मोठी आहे. मोठी फांदी मोडली, जखम लवकर झाकली गेली नाही, तर बुरशी आत शिरते आणि खोडाचा गाभा कुजू लागतो. ढोली तयार होते. पोकळ झाड मेलेले, असा आपला समज असतो. पण गाभ्याचे लाकूड मुख्यतः आधारापुरते असते. मुळांतले पाणी चढते बाहेरच्या ताज्या लाकडातून, आणि पानांत तयार झालेले अन्न उतरते सालीच्या आतल्या थरातून. म्हणून पोकळ झाड वर्षानुवर्षे जगते. हावड्याजवळच्या शिबपूरच्या वनस्पतिउद्यानातील प्रसिद्ध वडाचे मूळ खोड बुरशीने कुजले. १९२५ साली ते काढून टाकावे लागले. वड मात्र आजही आपल्या पारंब्यांवर उभा आहे.

आणि हे तोंड रिकामे नसते. त्यात पिंगळा राहतो, पोपट राहतो, राखी धनेश राहतो. धनेशाची मादी ढोलीत शिरून आतून दार लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते, आणि अंडी उबवून पिले मोठी होईतो नर बाहेरून त्या फटीत फळे भरवतो. त्यांच्या विणीचा काळ सध्याचाच. तेव्हा एखाद्या जुन्या उंबराने ओठ मिटून घेतलेले दिसले, तर त्या ओठांआड एक संसार चालू आहे, एवढे मुलांना जरूर सांगावे. कोणत्या परीकथेत याहून अद्भुत काही आहे, असे आम्हांला वाटत नाही.

झाडांच्या काही जाती तर मुळातच नाटकी असतात. आपल्या कोरड्या रानांत कांडोळ नावाचे झाड असते. कोणी त्याला भुताचे झाडच म्हणतात. त्याची साल पांढुरकी, गुळगुळीत, कागदासारखे पापुद्रे सोडणारी. हिवाळ्यात पाने झडली की चांदण्या रात्री ते उघड्या अंगाने हात पसरून उभे असल्यासारखे दिसते. वडाच्या जटा तर सर्वांच्या परिचयाच्या. पिंपळाच्या पानाचा देठ लांब, टोक शेपटासारखे निमुळते. जराशा झुळकीने ते हलते आणि सगळे झाड सळसळते. इतर झाडे स्तब्ध असताना एकटा पिंपळ बोलत असतो. मुंजा पिंपळावरच का राहायला गेला, याचे उत्तर त्या देठात असावे. मुंज होऊन लग्नापूर्वीच दगावलेल्या मुलाचा तो आत्मा, अशी समजूत. ज्या काळी अशी मुले घरोघर दगावत, त्या काळी सळसळत्या पिंपळाखालून जाताना एखाद्या आईला काय ऐकू येत असेल, याचा विचार केला तर भुताच्या गोष्टीला हसू येत नाही.

वेताळाचेही तसेच. अकराव्या शतकात सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. राजा पुन्हा पुन्हा ज्या झाडावरून प्रेत खाली काढतो ते झाड शिंशपेचे. आणि वाल्मीकींच्या सुंदरकांडात हनुमंत सीतेला पाहण्यासाठी अशोकवनात ज्या झाडात लपून बसतो, तीही शिंशपाच! एकाच जातीच्या झाडावर कोणाला लोंबकळणारा वेताळ दिसला, तर कोणाला सुटकेची वार्ता घेऊन आलेला दूत. वड-पिंपळांवर दिवसा उलटी टांगलेली वटवाघळे ज्याने पाहिली आहेत, त्याला वेताळाच्या बसण्याची तऱ्हा, नव्हे लोंबण्याची तऱ्हा, कुठून सुचली असेल याचा तर्क करता येईल.

कलावंतांनी या रूपभासाचा मुद्दाम उपयोग केला आहे. लिओनार्दो दा व्हिंची याने चित्रकारांना सल्ला दिला की डाग पडलेल्या भिंतींकडे टक लावून पाहा. तुम्हांला तिथे डोंगर, लढाया आणि चेहरे दिसतील. इंग्रज चित्रकार आर्थर रॅकहॅम याने १९०६ साली ‘पीटर पॅन’च्या एका पुस्तकासाठी चित्रे काढली. त्याच्या झाडांची मुळे बोटांसारखी वळलेली आणि खोडांना नाक-डोळे असत. आपल्याकडे अवनींद्रनाथ ठाकुरांनी उतारवयात पडलेल्या फांद्या, मुळ्या, लाकडाचे तुकडे गोळा करून त्यांतून पशुपक्षी आणि माणसे घडवली. ‘घडवली’ हा शब्दही जड आहे. जे त्या लाकडात होते ते दिसेल इतकाच त्यांनी हात लावला. त्या खेळण्यांना त्यांनी ‘कुटुम-काटाम’ असे गमतीदार नाव दिले होते. एवढा मोठा चित्रकार वाळक्या काटक्यांशी खेळत बसला, म्हणून कोणी त्याला पोरकट म्हटले नाही!

येथपर्यंत सर्व गोडीगुलाबीचे झाले. आता अवघड भागाकडे येतो.

झाडांवरचा मुंजा आणि वेताळ यांनी पूर्वी एक काम केले. त्यांच्या भयाने झाडावर कुऱ्हाड पडली नाही. आपल्या सह्याद्रीतल्या देवरायाही देवतेच्या धाकाने आणि भक्तीने टिकल्या. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात त्यांचा अभ्यास करून त्यांचे मोल जगापुढे मांडले. आज शहरात ते भय उरलेले नाही. ते गेले याचे आम्हांला दुःख नाही. भयाने वाचलेले झाड वाचते, पण भ्यालेला माणूस खुजा राहतो. प्रश्न असा की भय गेले, त्याच्या जागी काय आले? रस्त्यावरच्या कोणत्याही मोठ्या झाडाकडे पाहा. शिकवणीवर्गाची पाटी खिळ्यांनी ठोकलेली, दिव्यांच्या माळा करकचून आवळलेल्या, बुंध्यापर्यंत सिमेंटचा गिलावा. ढोलीत कोणी कचरा पेटवतो, कोणी चांगल्या हेतूने सिमेंट भरतो. ढोलीत सिमेंट भरण्याची रीत जाणकारांनी केव्हाच सोडून दिली आहे. झाड वाऱ्यात हलते, सिमेंट हलत नाही, आणि कुजणे थांबत नाही. भ्यालेल्या माणसाने झाडाला हात लावला नाही. निर्भय माणसाला झाड दिसतच नाही. दोहोंत झाडाच्या दृष्टीने दुसरा अधिक धोक्याचा.

रूपभासातूनही एक संकट निघते, तेही स्पष्ट सांगतो. एखाद्या खोडावरच्या गाठीत कोणाला सोंड दिसते. आठवड्यात तिथे शेंदूर लागतो, महिन्यात लोखंडी जाळी येते, वर्षात फरशीचा ओटा होतो. कोणाच्या श्रद्धेला दुखवण्याचा आमचा हेतू नाही. झाडापुढे हात जोडणे ही आपली जुनी आणि सुंदर रीत आहे. पण जुने पार दगडामातीचे असत. त्यांतून पाणी मुरे, हवा खेळे. फरशी आणि सिमेंट मुळांचा श्वास कोंडतात. जो चेहरा पाहून आपण हात जोडले, त्याचाच आपण गळा आवळतो. देव दिसला तर त्याला फूल वाहावे. फरशी वाहू नये.

कायदा आहे. १९७५ साली महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा झाला. झाड ‘तोडणे’ या शब्दात झाडाला जाळणे वा कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही त्याने धरले आहे. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे आणि त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा-वृक्ष मानण्याची तरतूद आली. पण कायदा जागा राहतो तो फिर्यादी असेल तर. आणि ज्याची ओळख नाही त्याच्यासाठी फिर्याद कोण करणार? ‘रस्त्यात येणारी सत्तर झाडे’ असे वृत्तपत्रात छापून येते तेव्हा आपण पान उलटतो. त्या सत्तरांत आपल्या मुलाने नाव ठेवलेली ‘बोळकी आजी’ असेल, तर मात्र पान उलटत नाही. आमच्या विषयाचे सारे मर्म येथे आहे. चेहरा म्हणजे ओळखीची पहिली पायरी. आकड्याला चेहरा मिळाला की आकडा माणसात येतो.

पण ती पहिलीच पायरी, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ज्या झाडात चेहरा दिसत नाही, जे सरळसोट आणि निमूट उभे आहे, त्याचा हक्क कमी नाही. टेकडीवरच्या गवताला तर चेहराच नसतो. पण पहिल्या पावसाची माती तेच धरून ठेवते आणि जमिनीवर घरटे करणाऱ्या चंडोलाला आसरा देते. तेव्हा मुलाला ‘बोळकी आजी’ दाखवून थांबू नये. तिची जात सालई की मोई, ते सांगावे. बोळके तोंड कसे झाले, त्यात कोण राहते, ते सांगावे. कल्पनेने दार उघडावे आणि ज्ञानाने आत जावे. दारातच खेळत बसणारा मोठा होत नाही, आणि दार न उघडताच भिंतीवरून उडी मारू पाहणाऱ्या आमच्या शिक्षणाची स्थिती तर आपण पाहतोच आहोत!

कृतीचे म्हणाल तर फार थोडे हवे. आठवड्यातून एक सकाळ मुलांना, नातवंडांना घेऊन टेकडीवर जावे. घाई करू नये. जे झाड थांबवील तिथे थांबावे. मुलाला काय दिसते ते आधी त्याला सांगू द्यावे. आपल्याला वाघ दिसला म्हणून त्याचा ससा खोडून काढू नये. वहीत चित्र काढू द्यावे, नाव ठेवू द्यावे, गोष्ट रचू द्यावी. पावसाळ्यात त्याच झाडाकडे पुन्हा जावे. शेवाळाने आजीला हिरवी शाल दिलेली असेल. मात्र चाकूने नाव कोरू देऊ नये. झाडाचे अन्न सालीच्या आतल्या थरातून वाहते, हे आपण आताच पाहिले. हौसेचे अक्षर झाडाच्या मुखातला घास तोडते. ढोलीत हात घालू नये, काठी खुपसू नये; तिथे बिऱ्हाड असते.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. झाड शेंड्याकडे वाढते. खोडावरची खूण वर सरकत नाही. झाड कितीही उंच झाले तरी त्याचा डोळा जमिनीपासून आज जितका उंच आहे तितकाच पन्नास वर्षांनी राहील, फक्त त्याच्या पापण्या जाड होतील, कदाचित तो पुरता मिटेल. पाच वर्षांचे मूल आज मान वर करून ज्या डोळ्याकडे पाहते, त्याच्याशी पंधराव्या वर्षी त्याची नजरानजर होईल. झाड तेवढ्या काळात तिथेच उभे असेल एवढी तजवीज करणे, हे मात्र मुलाच्या हातात नाही. ते आपल्या, येथे बसलेल्या मोठ्या माणसांच्या हातात आहे.